तपासायला नेलं पोराला

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं साखरेविषयी बरंच येणार आहे. आमच्या धाकट्याच्या, बाळ्याच्या, वजनापायी गेल्या वर्षी तपासण्या सुरू झाल्या आणि बघता बघता घरातल्या एकेकाचं खातं उघडलं गेलं. तेव्हापासून यार्डातली माणसं विचारतात, पै-पाहुणे विचारतात, जीन्सची, म्हणजे आईबापांकडनं येणाऱ्या जनुकांची, तपासणी म्हणजे काय, आमच्या पोराचीही करून घेऊ का? प्रत्येकाला फोनवर सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतोय.

बाळ्या तेव्हा नववीत, वय १४. चौथीपर्यंत काडी होता. लॉकडाऊनमध्ये घरात बसला, हातात मोबाईल आला आणि तिथनं जो फुगत गेला तो गेलाच. पेठेतल्या पोरांत फुटबॉल खेळायचा, पण कायम गोलमध्ये. जाड पोराला गोलमध्ये उभं करायचं हा गल्लीचा कायदाच आहे. त्याच्या मानेमागं एक काळा पट्टा आला होता. आमची आई दर रविवारी त्याला मोरीत बसवून डाळीचं पीठ, लिंबू आणि काथ्या घेऊन ती मान घासायची. "मळ निघतच न्हाई बघ ह्या पोराचा!" पोरगं कळवळायचं. मान लाल व्हायची, पण पट्टा होता तसाच राहायचा.

ताप आला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेला. पाठीला नळी लावताना त्यांनी मान बघितली, कॉलर खाली ओढून परत बघितली आणि मला म्हणाले, "हा मळ नव्हे. अंगात इन्सुलिन जादा झालं की कातडी अशी जाड आणि काळपट होते. काखेत पण असंल बघा. ह्याला मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

घरी सांगितलं तर आईचं एकच, "आमच्यात कोण जाड हाय का दाखव. हे त्याच्या आजोळचं हाड." बायको आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज वाढला, एवढंच उत्तर.

आईचं म्हणणं दिसायला खरं होतं. आमचं घराणं काटक. आजोबा, वडील, मी, माझा धाकटा भाऊ बापू, सगळे सुके बोंबील. बायकोच्या माहेरी मात्र माणसं अंगानं भारी. सासूबाईंना पन्नाशीत साखर निघाली, मेव्हण्याची बायपास झालेली. त्यामुळं बाळ्याचा दोष कुठल्या बाजूला टाकायचा, हा निकाल आमच्या घरात कधीच लागला होता.

हार्मोनच्या डॉक्टरबाई मुलांच्याच. पहिली गोष्ट मला आवडली ती ही, की त्यांनी बाळ्याला काट्यावर पाठमोरा उभा केला. आकडा त्याला दिसू दिला नाही, मोठ्यानं वाचलाही नाही. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ८१ किलो. कमरेला टेप लावली, ९७. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी हा सोपा हिशोब त्यांनी सांगितला, म्हणजे याची ८१च्या आत हवी होती. मग भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली काढलेल्या तक्त्यावर त्यांनी टिंब दिलं. ते सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर गेलं. मुलांना मोठ्या माणसांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तसाच लावायचा नसतो, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता वेगळा, हे मला तिथं कळलं.

मग त्यांनी जन्माच्या वेळचं वजन विचारलं. मी बायकोकडं बघितलं. तिनं पिशवीतनं १४ वर्षांपूर्वीची फाईल काढली, प्लॅस्टिकच्या कव्हरात जशीच्या तशी. २ किलो ३००. "एवढंसं होतं, आता बघा," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "त्याचाही संबंध आहे." पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवलाय. आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची. वजनात एवढा फरक, पण आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानानं कमी नसते, कमी असतात ते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीचं बाळ. असं बाळ पुढं भराभर वजन घेतं, तेव्हा साखरेचा धोका वाढतो. याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२. हे ऐकून मी माझ्या सपाट पोटाकडं एकदा बघितलं.

यानंतर बाईंनी कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढायला बसल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, साखर असेल तर आत रंग. मला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम. अर्धा तास लागला. एकेकाचं विचारायच्या, साखर कुठल्या वर्षी निघाली? तेव्हा अंगानं कसे होते? गोळी की इन्सुलिन? बायकोची बाजू पटापट झाली. तिकडं सगळी जाड आणि साखर पंचेचाळिशीनंतरची. बाईंनी लिहून घेतलं, मान हलवली. नेहमीचा टाइप टू, वाढत्या वयात आणि वजनाबरोबर येणारा मधुमेह.

आमच्या बाजूला आल्यावर त्यांचं पेन हळू चालायला लागलं.

वडील? तिशीत निघाली, हार्ट अटॅकनं गेले. अंगानं? बारीक. आजोबा? त्यांचं कोण तपासतंय, पण आई सांगते, परड्यात ते जिथं लघवीला बसायचे तिथं मुंग्या लागायच्या. आत्या? पहिल्या बाळंतपणात निघाली, पंचविशीच्या आत. बापू? १९व्या वर्षी, तेव्हापासून इन्सुलिनवर. आणि तुम्ही?

"मला अठ्ठाविसाव्या वर्षी. साखरेवरची ग्लिमेपिराइडची अर्धी गोळी घेतो. एक अख्खी घेतली की घाम फुटतो, हातपाय लटपटतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं वजन?" ५८. "कधी जास्त होतं?" कधीच नाही. त्या कागदाकडं बघत राहिल्या. आमच्या बाजूला प्रत्येक पिढीत रंग भरलेला, वरनं खाली सरळ उतरत आलेला, मध्ये एकही पिढी सुटलेली नाही. "बाळ्याच्या तपासण्या करूच," त्या म्हणाल्या, "पण मला तुमचं रक्त हवंय."

बाळ्याच्या तपासणीचं आधी सांगतो. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातनं प्यायचं आणि दोन तासांनी परत रक्त. मुलांना किलोमागं पावणेदोन ग्रॅम देतात, पण ७५च्या वर नाही. राजारामपुरीतल्या लॅबमध्ये सकाळी गेलो. पोरीनं ग्लास हातात दिला. बाळ्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गुळाच्या घरातलं पोर, पण ते प्यायला त्याला जड गेलं. "पप्पा, साखर हाय का बघायला साखरच पाजत्यात?" मी म्हटलं, "गाडी चढाला घातल्याशिवाय इंजिनचा दम कळत नाही." मग दोन तास बाकावर. हिंडायचं नाही, खायचं नाही. समोरच्या हातगाडीवरनं कांदेपोह्यांचा वास. त्या दोन तासांत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्या वर्षात बोललो नसू. त्यानं सांगितलं, की पी.टी.च्या तासाला तो मुद्दाम डबा उशिरा संपवतो, म्हणजे धावायच्या वेळेला पोट दुखतंय म्हणता येतं.

रिपोर्ट आले. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १५२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज) ५.९. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४, ही सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची हद्द. बाळ्या तिन्हींत उंबरठ्यावर. यकृताचं एंझाइम वाढलेलं, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. थायरॉईड ठीक. "या वयात वाढीच्या हार्मोनमुळं इन्सुलिनचा जोर तसाही कमी पडतो," बाई म्हणाल्या. "वयात येणं हे एक ओझं, वर चरबीचं दुसरं, आणि घराण्याचं तिसरं. गोळी आत्ता देत नाही."

मग जीन्सचा विषय निघाला. माझा मोठा पुतण्या जिमला जातो. त्यानं आधीच एक जाहिरात पाठवली होती. थुंकी पाठवा, डीएनएवरनं डाएट चार्ट मिळवा. मी ती बाईंना दाखवली. त्या हसल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. नंतर मी स्वतःही वाचलं, ते मिळून लिहितो.

लठ्ठपणा घराण्यातनं येतो, हे खरंच आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरनं माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक धरतात. पण तो एका जीनचा खेळ नाही. शेकडो जागी बारीक बारीक फरक, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यातला सगळ्यात गाजलेला एफटीओ, १६व्या गुणसूत्रावरचा. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) धोक्याच्या असलेली माणसं सरासरी तीन किलोनं जड असतात. फक्त तीन किलो! पुढं दोन लाखांवर प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हा अंग हलवणाऱ्यांत हा परिणाम सत्तावीस टक्क्यांनी कमी दिसला. साखरेच्या बाजूला टीसीएफ७एल२ नावाचा जीन, २००६ साली आइसलँडमध्ये सापडला, टाइप टूच्या सर्वसाधारण जीन्समध्ये सगळ्यात जोरकस. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्याच्या दोन्ही वाईट प्रती असलेल्यांनाही वजन कमी करून आणि चालून फायदा झालाच. शिवाय ही बहुतेक माहिती गोऱ्या लोकांवरनं जमवलेली, ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडेल याची खात्री नाही. मग थुंकी पाठवून काय मिळणार? रंगीत पानं मिळणार आणि शेवटी लिहिलेलं असणार, भाज्या खा आणि चाला. ते आमच्या आईनं फुकट सांगितलं असतं.

एकाच जीनच्या बिघाडानं येणारा लठ्ठपणाही असतो, पण तो फार थोड्यांना. १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची गोष्ट छापली. त्यांच्या अंगात लेप्टिन हा पोट भरल्याची खबर मेंदूला देणारा हार्मोन बनतच नव्हता. त्याचं इंजेक्शन सुरू केल्यावर अशा मुलांची भूक ताळ्यावर आली. यापेक्षा जास्त आढळतो तो एमसीफोरआर जीनचा दोष. पण तसं असेल तर वजन पाच वर्षांच्या आतच सुटतं, भूक अशी की पोर रात्री उठून डबे उघडतं. काही प्रकारांत उंची खुंटते, काहींत समज मागं राहते. बाळ्याचं तसं काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, "याच्या जाडीसाठी जीन तपासायला मी पैसे घालवायला लावणार नाही."

माझ्यासाठी मात्र त्या लावणार होत्या. त्यांना माझ्याबद्दल जो संशय होता त्याला मॉडी म्हणतात. एकाच जीनच्या दोषानं तरुणपणीच येणारा मधुमेह. आई किंवा बाप, कुणा एकाकडनं दोष आला तरी पुरतो, त्यामुळं प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता निम्मी. अंगानं बारीक, पंचविशीच्या आसपास साखर, पिढी चुकत नाही, थोड्या गोळीवर साखर धाडकन उतरते. बाई एकेक लक्षण सांगत होत्या आणि मला आमच्या देवघरातले फोटो दिसत होते. या माणसांना बऱ्याचदा टाइप वन (ज्यात अंगात इन्सुलिन बनणंच जवळपास बंद पडतं) किंवा टाइप टूचा शिक्का बसलेला असतो. मुंग्यांची गोष्टसुद्धा बसत होती. यातल्या एका प्रकारात रक्तातली साखर फार वाढायच्या आधीच ती लघवीत उतरते.

पहिलं रक्त माझं का, बाळ्याचं का नाही? कारण शोध आजारी माणसापासून सुरू करायचा. माझ्यात दोष सापडला, की तो नेमका कुठल्या अक्षरात आहे ते कळतं. मग पुढच्यांत फक्त तेवढीच जागा बघायची, खर्चही थोडका. उलट बाळ्यापासून सुरू केलं आणि काही सापडलं नाही, तर त्याला दोष मिळालाच नाही की आपल्याला शोधता आला नाही, हे सांगता येत नाही. पोरांची जीन तपासणी करायला निघालेल्या प्रत्येक पालकाला मी हे एवढं तरी सांगतोच.

जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त, दोन पानी संमतीपत्र, त्यातल्या प्रत्येक ओळीवर बाईंचं समजावणं. रिपोर्टात 'अर्थ नक्की सांगता येत नाही' असंही येऊ शकतं, आणि तसं आलं तर त्यावर औषध बदलायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नमुना बेंगळुरूला गेला. खर्च बऱ्यापैकी मोबाईलएवढा. महिनाभर वाट.

त्या महिन्यात यार्डात आमच्या शेजारच्या अडत्याचे मामा आले होते, वैद्य आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, जुन्या काळच्या सुश्रुतानंच प्रमेह, म्हणजे मधुमेहासारखा आजार, दोन तऱ्हेचा सांगितलाय. एक सहज, आईबापांच्या बीजातनं आलेला, त्यात माणूस कृश. दुसरा अपथ्यानं होणारा, त्यात माणूस स्थूल. मी थक्क झालो. आमच्या घरात दोन्ही प्रकार एका ताटात जेवत होते आणि आम्ही फक्त दुसऱ्याकडं बोट दाखवत होतो.

रिपोर्टात दोष निघाला. एचएनएफवनए, १२व्या गुणसूत्रावरचा. बायकोनं तो कागद हातात घेऊन वाचला, इंग्रजी सगळं कळलं नसेल, पण कुणाच्या नावाचा आहे ते कळलं. आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आई, हाड माझ्या माहेरचं असेल, पण साखर ह्या घरची पण हाय." आईनं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाली, "मग आता काय माझ्या नवऱ्याला जाब विचारायचा?" त्यावर तिघंही हसलो. घासण्याचा काथ्या मात्र त्या आठवड्यात मोरीतनं गेला.

बापूचं प्रकरण सगळ्यात अवघड. तो शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, भट्टीच्या बाजूला. इन्सुलिनचं पेन कँटीनच्या फ्रिजमध्ये, दुपारच्या जेवणाआधी पोटात सुई. त्याच्या आणखी दोन तपासण्या केल्या. टाइप वनमध्ये सापडणारी अँटीबॉडी नाही, आणि सी-पेप्टाइड शाबूत, म्हणजे त्याचं स्वादुपिंड एवढ्या वर्षांनीही स्वतःचं इन्सुलिन बनवत होतं. जीनही तोच निघाला. या प्रकारात सल्फोनिलयुरिया गटाच्या साध्या, जुन्या, स्वस्त गोळ्या चांगल्या लागू पडतात. माझी अर्धी ग्लिमेपिराइड त्याच गटातली. ऐकून बापू काही बोलला नाही. बाहेर येऊन गाडीला किक मारता मारता म्हणाला, "लग्नाच्या बोलणीत चार ठिकाणी मला इन्सुलिनवरनं नकार आला व्हता, दादा."

त्याचं इन्सुलिन एकदम बंद केलं नाही. मोठ्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थोडी थोडी चढवत, सुई उतरवत आणली. दुपारची सुई गेली, रात्रीची थोडी अजून आहे. इतक्या वर्षांनंतर ती पूर्ण सुटेलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आणि हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं इन्सुलिन थांबवायला जाऊ नका. खरा टाइप वन असलेला माणूस इन्सुलिनशिवाय काही दिवसांत जिवाला मुकतो. बापूची सुई कमी झाली ती तीन रिपोर्ट हातात आल्यावर.

आता बाळ्या. त्याच्यात फक्त तेवढी एक जागा बघायची होती. दोष नाही. मला वाटलं, सुटलो. बाई म्हणाल्या, "एका गोष्टीतनं सुटला." त्याची मान, त्याचं यकृत, ते उंबरठ्यावरचे आकडे, हे सगळं दुसऱ्या वाटेचं होतं. आजोळच्या बाजूचे ते शेकडो चिमूटभर जीन्स, जन्मतःचं कमी वजन, वयात येणं आणि आमचं घर. पहिल्या तिन्हींवर आमचा इलाज नव्हता. चौथ्यावर होता.

आणि घराबद्दल मला बोलायचंच आहे. कोल्हापुरात खुराक ही प्रतिष्ठेची गोष्ट. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, बदाम, थंडाई, तूप. ज्यांनी हे सुरू केलं ते पहाटे उठून हजारानं जोर-बैठका मारत होते. बैठका गेल्या, खुराक राहिला. तालमीत कधी पाऊल न टाकलेलं पोरगं ट्यूशनहून आलं की मोठ्ठा ग्लास दूध, वर दोन चमचे पावडर. त्यावर बिस्किटाचा पुडा. मग जेवण. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला सगळे नावं ठेवतात, पण बाईंनी आमचा आठवड्याचा हिशोब लिहून घेतला, तेव्हा मटणाचा वाटा किरकोळ निघाला. खरा आकडा निघाला मिसळीबरोबरच्या ब्रेडचा, कोल्ड्रिंकच्या बाटलीचा, रात्री मोबाईल बघत संपवलेल्या भडंगाचा आणि भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढपाचा.

आणि गूळ. माझा धंदा आहे, तरी सांगतो. "साखर बंद केली, आता गूळच खातो" हे मला रोज गिऱ्हाईक ऐकवतं, आणि मी ढेप बांधून देतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चव आहे, थोडंफार लोह-खनिज आहे. पण काहिलीत आटतो तो उसाचाच रस, आणि उरते ती बहुतांशी साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला रंग कळत नाही. आमच्या घरी चहात गूळ, पोळीबरोबर गूळ, बाळ्याच्या डब्यात काकवी. यार्डातनं घरी येणारा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आता बायकोच्या ताब्यात आहे आणि सणालाच बाहेर येतो.

बाळ्यासाठी वेगळं काही शिजवायचं नाही, ही बाईंची अट होती. जे होईल ते सगळ्यांच्या ताटात. भाकरी परत आली, आईला ते आवडलं, कारण तिला पोळ्या लाटायचा कंटाळा. झोपेवर बाईंचा फार जोर. रात्री मोबाईल बैठकीतच चार्जिंगला लागतो, माझाही. वाद झाले, होतात. उन्हाळ्यात तो महिनाभर सकाळी रंकाळ्याला चक्कर मारायला आला, मग पावसाळा लागला आणि तेही बंद पडलं. फुटबॉल मात्र सुटला नाही. त्यांच्या ग्रुपच्या एका मोठ्या मुलानं त्याला सरावात गोलमधनं काढून बॅकला उभा केला. मॅचला अजून गोलमध्येच असतो, पण सरावात पळतो. परवाच्या तपासणीत उंची १६५, वजन ७९. एचबीएवनसी ५.६. मानेचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. बाई या आकड्यांवर खूश आहेत. बाळ्याला वजन दोनच किलो उतरलं म्हणून वाईट वाटलं, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, की वाढत्या वयात उंची वाढून वजन थांबलं तरी ती कमाईच.

घोर आहे तो थोरलीचा. ती बारावीला, नीटची तयारी करते. माझ्यासारखी काडी. पाणीपुरी, पेस्ट्री, काय वाट्टेल ते खाते, आजी म्हणते, "तिला काय धाड भरलीया." तिला माझा जीन मिळालेला असण्याची शक्यता निम्मी. मी लगेच रक्त द्यायचं म्हणत होतो. बाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. दोष असेल तर लवकर कळण्याचा फायदा आहे, पण हे आयुष्यभर सोबत राहणारं उत्तर आहे, आणि ते कधी ऐकायचं हे तिनं ठरवावं, असं त्यांचं मत. तोवर वर्षातनं एकदा साखर बघायची, उपाशीपोटी आणि दोन तासांनी, दोन्ही. नुसत्या एचबीएवनसीवर तिच्या बाबतीत त्या अवलंबून राहणार नाहीत, कारण तिचं हिमोग्लोबिन कमी आहे, आणि लोह कमी असलं की तो आकडा उगाच वर दिसू शकतो. थोरली बाहेर आली आणि म्हणाली, "परीक्षा झाल्यावर, पप्पा. आत्ता माझ्या डोक्यात जागा नाही." मला पटलं नाही, पण मी गप्प बसलो.

आत्याच्या घरी वेगळीच गंमत. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, तिशीतला, असाच बारीक. बाईंनी सांगितलं होतं, की रिपोर्ट नात्यातल्यांना कळवा. मी गडहिंग्लजला फोन केला. आत्या म्हणाली, "स्थळं बघतोय रे, आत्ता कागदावर काय नको यायला. लग्न होऊ दे, मग करतो काय ते." मी म्हटलं, होणाऱ्या सुनेचाही विचार कर की. तिनं विषय बदलून पावसावर नेला. मग मी रिपोर्टची प्रत आतेभावालाच परस्पर पाठवली आणि बापूची सगळी हकिगत लिहिली. दोन दिवस काही नाही. काल रात्री मेसेज आला, "दादा, आईला सांगू नको. शनिवारी येतो. उपाशी यायचं काय?"

मी कळवलं, या तपासणीला उपाशीपोटी लागत नाही, जेवूनच ये.